तीस फूट उंचीवरील बाग

पर्वतीच्या पायथ्याशीं रविवारच्या संध्याकाळीं थोडा वेळ उभें राहिलें, तर एक दृश्य हटकून दिसतें. मुलें उड्या मारीत पायऱ्या चढूं लागतात, त्यांच्या मागोमाग आईबाप निघतात, आणि खालच्या कट्ट्यावर आजीबाई पिशव्या सांभाळीत बसून राहतात. "तुम्ही या जाऊन, मी बसतें इथंच," हें वाक्य त्यांनीं इतक्या सहजपणें उच्चारलेलें असतें कीं, त्यांनाहि वर जावयाचें होतें ही गोष्ट कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. वरून दिसणारें पुणें सर्वांचें असलें, तरी ज्याच्या गुडघ्यांत बळ आहे त्यानेंच तें पाहावें, असा हा व्यवहार पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे.

महाबळेश्वर व माथेरान येथें अशा जागांना 'पॉइंट' म्हणण्याची चाल आहे. तेथून काय दिसतें याचें वर्णन करतांना आपण थकत नाहीं. परंतु तेथवर कोण पोहोंचूं शकतो हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. वस्तुतः देखावा हा दोन गोष्टींचा मिळून होतो. एक, समोर पसरलेली सृष्टि, आणि दुसरी, तिच्यापर्यंत नेणारी वाट. पहिली गोष्ट निसर्गानें किंवा पूर्वजांनीं दिलेली असते. दुसरी मात्र माणसांना आपल्या हातांनीं करावी लागते, आणि ती करतांना इंच-इंच मोजावा लागतो. न्यूयॉर्क शहरांतील कांहीं नागरिकांनीं सरकारची वाट न पाहतां असें काम अंगावर घेतलें व तडीस नेलें. त्यांचें पुष्कळसें साधलें आणि एक महत्त्वाची गोष्ट साधावयाची राहिली. दोन्ही समजून घेण्यासारखीं आहेत.

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटावर पश्चिमेच्या बाजूला, हडसन नदीला समांतर असा दहावा अव्हेन्यू नांवाचा लांबलचक रस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या भागांत मालगाड्या थेट रस्त्यावरून धांवत. म्हणजे पादचारी, घोडागाड्या आणि खेळणारीं मुलें या सर्वांच्या मधून. अपघात इतके होत कीं, लोकांनीं त्या रस्त्याला 'मृत्युमार्ग' असें नांव ठेविलें. त्यावर उपाय म्हणून गाडीच्या पुढें तांबडें निशाण घेतलेला घोडेस्वार चालूं लागला. रात्रीं निशाणाऐवजीं त्याच्या हातांत कंदील असे. शेवटचा स्वार १९४१ सालापर्यंत या कामावर होता. आगगाडीच्या पुढें घोडा, ही कल्पना आज हंसूं आणील. पण ज्यांचीं मुलें त्या रस्त्यावर वावरत त्यांना तिच्यांत हंसण्यासारखें कांहीं वाटलें नसेल.

अखेर १९२९ सालीं शहर, राज्य व रेल्वे कंपनी यांनीं मिळून हे रूळ रस्त्यावरून उचलण्याचें ठरविलें. साऱ्या योजनेची लांबी १३ मैल होती, तिच्यायोगें रूळ व रस्ता एकमेकांस छेदण्याच्या १०५ जागा नाहींशा झाल्या, आणि त्या काळांत तिला १५ कोटि डॉलरांहून अधिक खर्च आला. या योजनेंतील जो भाग रस्त्याच्या वर सुमारे तीस फुटांवर पोलादी खांबांवर उभारला गेला, तो १९३४ सालीं मालगाड्यांना खुला झाला. पूर्ण भरलेल्या दोन मालगाड्या एकाच वेळीं शेजारून जाऊं शकतील एवढें बळ त्याच्यांत ठेविलें होतें. कांहीं ठिकाणीं तर हे रूळ इमारतींच्या पोटांतून जात. एका मोठ्या बिस्किटांच्या कारखान्यांत गाडी माडीवरच शिरे व माल उतरवून पुढें जाई. दूध, मांस, भाजीपाला हें सर्व रस्त्यावरील माणसाला स्पर्शहि न करतां डोक्यावरून शहरांत येऊं लागलें.

परंतु मोटार-ट्रकांच्या वाढीबरोबर ही वाहतूक आटत गेली. दक्षिणेकडील कांहीं भाग १९६० नंतरच्या दशकांत पाडण्यांत आला, आणि १९८० सालीं गोठविलेल्या टर्की पक्ष्यांच्या मांसाचे तीन डबे घेऊन शेवटची गाडी या रुळांवरून गेली. त्यानंतर वीस वर्षें तेथें कोणीच फिरकलें नाहीं. वाऱ्यानें आणि पांखरांनीं आणलेलें बी रुळांमधील खडीत रुजलें. गवत, रानफुलें, लहानमोठीं झुडपें वाढलीं. खालून जाणाऱ्याला मात्र गंजलेलें पोलाद आणि त्याच्या सांवलींतील काळोख एवढेंच दिसे. खालीं ज्यांच्या जमिनी होत्या त्या मालकांनीं हा सांगाडा पाडून टाका असा धोशा लावला होता. पीटर ऑब्लेट्झ नांवाचा त्याच भागांत राहणारा एक आगगाडीचा शौकीन गृहस्थ तेवढा त्याच्या आड आला. १९८४ सालीं त्यानें तो सबंध उन्नत मार्ग रेल्वे कंपनीकडून दहा डॉलरांस विकत घेण्याचा करार केला होता! तो करार पुढें टिकला नाहीं, आणि ऑब्लेट्झ १९९६ सालीं वारला. पण त्याच्या खटपटीमुळें जीं वर्षें मिळालीं, त्यांवरच पुढची सारी इमारत उभी राहिली.

१९९९ सालीं त्या भागाच्या प्रभाग-समितीची सभा भरली होती. उन्नत मार्गाचें काय करावयाचें हा तिच्यापुढील विषय होता. जोशुआ डेव्हिड व रॉबर्ट हॅमंड हे दोन तरुण शेजारच्याच वस्तींत राहणारे; एकमेकांची ओळख नसलेले; योगायोगानें शेजारीं-शेजारीं बसलेले. एक मासिकांत लिहिणारा, दुसरा लहानसहान उद्योगांना सल्ला देणारा. स्थापत्याचें, बागकामाचें किंवा रेल्वेचें शास्त्र दोघांनाहि ठाऊक नव्हतें. सभेंत आपल्याखेरीज हा मार्ग राखावा असें कोणालाच वाटत नाहीं हें पाहून दोघांनीं 'फ्रेंड्स ऑफ द हाय लाइन', म्हणजे 'उन्नत मार्गाचे मित्र', या नांवाची संस्था काढली.

अशा संस्थांच्या पहिल्या दिवसांत उत्साह पुष्कळ आणि साधनें शून्य अशी स्थिति असते. या दोघांनीं पहिलें काम केलें तें शहाणपणाचें होतें. जोएल स्टर्नफेल्ड या प्रसिद्ध छायाचित्रकाराला वर जाण्याची परवानगी मिळवून देण्यांत आली. त्यानें २००० व २००१ या सालांत, निरनिराळ्या ऋतूंत तेथील छायाचित्रें घेतलीं. खालून जो सांगाडा दिसत असे, तोच वरून पाहिला तर दोन्ही बाजूंच्या घरांमधून वळत गेलेली गवताची एक लांब कुरणपट्टी आहे, हें न्यूयॉर्ककरांना तेव्हां प्रथम कळलें. पन्नास सभांनीं जें झालें नसतें तें त्या चित्रांनीं केलें.

तरीहि डिसेंबर २००१ मध्यें, आपल्या कारकीर्दीच्या अगदीं शेवटच्या दिवसांत, तत्कालीन महापौरांनीं मार्ग पाडण्याच्या कागदावर सही केली. मित्रमंडळानें न्यायालयांत दाद मागितली, आणि दुसरीकडे नव्या महापौरांपुढें हिशेब मांडला. बाग केली तर आसपासच्या मिळकतींपासून शहराला जो जादा कर मिळेल तो बागेच्या खर्चाहून अधिक भरेल, असें त्या हिशेबांत दाखविलें होतें. सौंदर्याची गोष्ट अंदाजपत्रकाच्या भाषेंत बोलल्यावांचून नगरपालिकेच्या कानांत शिरत नाहीं, हा अनुभव पृथ्वीच्या पाठीवर सगळीकडे सारखाच दिसतो. २००३ सालीं संस्थेनें कल्पनांची एक खुली स्पर्धा घेतली. ३६ देशांतून ७२० कल्पना आल्या. कोणी सबंध मार्गभर पोहण्याचा तलाव सुचविला. त्यांतील बहुतेक कल्पना अव्यवहार्य होत्या, आणि त्या तशा असाव्यात हाच हेतु होता. लोकांनीं बोलावें, भांडावें व त्या जागेकडे पुनः पाहावें, एवढ्यासाठींच तो खटाटोप होता.

येथें दोन कायदेशीर खुब्या लक्षांत घेण्यासारख्या आहेत, कारण त्यांच्याशिवाय हा प्रकार घडलाच नसता. अमेरिकेंत १९८३ पासून अशी तरतूद आहे कीं, वापरांतून गेलेला रेल्वेमार्ग मोडून न टाकतां, पुढेंमागें रेल्वेला लागला तर परत देण्याच्या अटीवर, पायवाट म्हणून वापरतां येतो. दुसरी खुबी जमीनमालकांच्या समाधानाची. त्यांच्या जमिनीवर हा मार्ग उभा असल्यामुळें त्यांना तेथें उंच इमारत बांधतां येत नव्हती. २००५ सालीं शहरानें नियम बदलून त्यांना आपला न वापरलेला बांधकामाचा हक्क जवळच्या दुसऱ्या जागांसाठीं विकण्याची मुभा दिली. मुंबईंतील ज्या मंडळींना 'टी. डी. आर.' हीं अक्षरें परिचित आहेत, त्यांना ही युक्ति ओळखीची वाटेल. काल जे मालक पाडा म्हणून ओरडत होते त्यांचा विरोध यामुळें मावळला, आणि त्याच वर्षीं रेल्वे कंपनीनें मार्ग शहराला दान दिला. एप्रिल २००६ मध्यें काम सुरू झालें. पहिला टप्पा ९ जून २००९ रोजीं, दुसरा जून २०११ मध्यें आणि तिसरा सप्टेंबर २०१४ मध्यें लोकांना खुला झाला. दहाव्या अव्हेन्यूवर पुढें आलेला एक फांटा २०१९ सालीं जोडला गेला. सारी लांबी जवळजवळ दीड मैल आहे. पहिल्या दोन टप्प्यांस सुमारे १५ कोटि २० लक्ष डॉलर खर्च झाला. त्यांपैकीं ११ कोटींहून अधिक शहरानें, दोन कोटि मध्यवर्ती सरकारनें, आणि उरलेल्याचा बहुतेक भाग देणगीदारांनीं दिला. एवढ्या उंचीवर लोहमार्गाची बाग करण्याची कल्पना अगदीं नवी नव्हती. पॅरिसमध्यें १९९३ पासूनच तशी बाग आहे.

आतां मूळ प्रश्न. बाग तीस फुटांवर आहे. खालीं कट्ट्यावर बसलेल्या आजीबाईंनीं वर जावयाचें कसें?

पायऱ्या बाजूला ठेवून उताराच्या वाटेचें गणित करून पाहूं. अमेरिकेंत १९९० च्या अपंगविषयक कायद्याखालीं जीं मापें ठरलीं आहेत, त्यांप्रमाणें चढ १ ला १२ याहून तीव्र नसावा. म्हणजे एक इंच वर जाण्यास निदान बारा इंच लांबी पाहिजे. आपल्याकडेहि हेंच प्रमाण मानलें जातें. बाराच कां, हें वजनाच्या हिशेबानें कळतें. माणूस व त्याची चाकांची खुर्ची मिळून ऐंशी किलो वजन धरलें, तर १ ला १२ या चढावर खुर्ची पुढें जाण्यास सुमारे साडेसहा किलोचा रेटा सतत लावावा लागतो. १ ला ८ असा चढ केला तर तोच रेटा दहा किलोंवर जातो. तो देतां देतां धडधाकट माणसाचेहि खांदे भरून येतात, आणि खुर्ची ढकलणारी व्यक्ति बहुधा त्याच घरांतील, तितक्याच वयाची असते. चढ १ ला २० ठेविला, तर रेटा चार किलोंवर येतो आणि चढ आहे असें जाणवतहि नाहीं.

आणखी एक नियम आहे. एका दमांत तीस इंचांहून अधिक चढावयाचें नाहीं. तेवढें चढलें कीं निदान पांच फूट लांबीचा सपाट विसावा पाहिजे. तीस फूट म्हणजे ३६० इंच. तीस-तीस इंचांचे बारा टप्पे. प्रत्येक टप्प्याची लांबी तीस फूट. म्हणजे ३६० फूट. बारा टप्प्यांच्या मध्यें अकरा विसावे, ते ५५ फूट. एकूण ४१५ फुटांची वाट. आणि तीहि दाट वस्तीच्या रस्त्यांत, जेथें चार फूट मोकळी जागा मिळणें मुष्किल. हें गणित मांडलें कीं हाय लाइनवर लिफ्ट कां बसवाव्या लागल्या हें समजतें. गॅन्सव्हूर्ट रस्ता, चौदावा, तेविसावा व तिसावा रस्ता अशा ठिकाणीं पायऱ्यांच्या जोडीला लिफ्ट आहेत. उत्तरेच्या टोंकास, चौतिसाव्या रस्त्याजवळ, मात्र जुना लोहमार्ग स्वतःच हळूहळू जमिनीवर उतरतो, आणि तेथून चाकांची खुर्ची यंत्राच्या मदतीवांचून वर जाऊं शकते. मालगाडीला तीव्र चढ सोसत नाहीं, या एका गोष्टीचा फायदा ऐंशी वर्षांनीं खुर्चीवरच्या माणसाला मिळाला. लिफ्ट केव्हां ना केव्हां बंद पडते; उतार बंद पडत नाहीं. म्हणून जेथें जागा आहे तेथें उतारच करावा, आणि लिफ्ट करावयाची तर एकाहून अधिक कराव्यात.

वर पोहोंचल्यावर पायांखालचा प्रश्न येतो. खडी, वाळू, हिरवळ हीं डोळ्यांना सुखद असलीं तरी चाकाचीं वैरी आहेत. लहान पुढचें चाक त्यांत रुततें आणि खुर्ची जागच्या जागीं थांबते. काठी टेकणाऱ्यालाहि तोच त्रास. हाय लाइनच्या रचनाकारांनीं यावर एक नामी तोड काढली. त्यांनीं वाट काँक्रीटच्या लांब फळ्यांची केली, आणि कडेला त्या फळ्या निमुळत्या करून त्यांच्या फटींतून गवत वर येऊं दिलें. पूर्वी रुळांमधून गवत उगवलें होतें त्याची ही आठवण. परंतु मधली चालण्याची वाट मात्र सलग व सपाट राहते. नियमाप्रमाणें अशा वाटेवरील फट अर्ध्या इंचाहून रुंद असतां कामा नये, नाहींतर काठीचें टोंक तींत अडकतें.

यानंतर कठडा, आणि येथें पुष्कळ चांगल्या जागा फसतात. उंच जागीं कठडा साधारणतः ४२ इंच उंच असावा असा तिकडील बांधकामाचा दंडक आहे. चाकांच्या खुर्चींत बसलेल्या प्रौढ माणसाचा डोळा जमिनीपासून ४३ ते ५१ इंचांवर येतो. म्हणजे कठडा भरीव भिंतीचा असेल, तर त्याला समोरचें आकाश दिसेल, दूरच्या इमारतींचे माथे दिसतील, पण खालची नदी, रस्ता, माणसें यांतलें कांहींच दिसणार नाहीं. लहान मुलाला तर भिंतच दिसेल. इतका आटापिटा करून एखाद्याला वर आणावें आणि भिंतीपुढें उभें करावें, असा हा प्रकार होतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारनें आपल्या अखत्यारींतील वनें व उद्यानें यांसाठीं २०१३ सालीं जो नियम केला, त्यांत म्हणूनच स्पष्ट सांगितलें आहे कीं, प्रेक्षणाच्या जागीं जमिनीपासून ३२ इंचांपासून ५१ इंचांपर्यंतचा पट्टा दृष्टीला मोकळा असला पाहिजे. कठडा काढावयाचा नाहीं. तो बारीक गजांचा, तारांचा किंवा कांचेचा करावयाचा, आणि गजांमधील अंतर चार इंचांहून कमी ठेवावयाचें, म्हणजे मुलाचें डोकें त्यांतून जात नाहीं.

हाय लाइनवरील सर्वांत लोकप्रिय जागा कोणती, हें पाहिलें म्हणजे या नियमाचें मर्म कळतें. सतराव्या रस्त्यापाशीं मार्ग दहाव्या अव्हेन्यूला ओलांडतो. तेथें मार्गाच्या पोटांतील कांहीं तुळया काढून, नाट्यगृहांत असतात तशा लाकडी पायऱ्या खालीं उतरविल्या आहेत, त्यांच्या सोबतीला उताराची वाट आहे, आणि अगदीं समोर मोठमोठ्या कांचांची खिडकी. खिडकींतून काय दिसतें? डोंगर नाहीं, समुद्र नाहीं, सूर्यास्तहि नाहीं. दिसतो तो रस्ता आणि त्यावरून दूर जाणाऱ्या मोटारी. तरी लोक तेथें तासन् तास बसतात. कांच पायांपर्यंत असल्यामुळें बसलेल्याला, उभ्या असलेल्याला आणि लहान मुलाला एकच चित्र दिसतें. सव्विसाव्या रस्त्यावर अशीच एक रिकामी चौकट उभी केली आहे. पंचविसाव्या ते सत्ताविसाव्या रस्त्यांच्या दरम्यान वाट आणखी आठ फूट वर जाते आणि चालणारा झाडांच्या शेंड्यांतून जातो. ज्याला आयुष्यांत झाडावर चढतां आलें नाहीं, त्यालाहि तेथें पानांना हात लावतां येतो.

बाकांसंबंधींहि थोडें सांगितलें पाहिजे. हात टेकावयास दांडा नसलेल्या बाकावर म्हातारा माणूस बसतो खरा, पण उठतांना त्याची फजिती होते. चाकांच्या खुर्चीसाठीं जागा ठेवावयाची ती बाकाला लागून ठेवावी, कोपऱ्यांत एकटी नव्हे; माणूस देखावा पाहावयास येतो तो कोणाच्या तरी सोबतीनें येतो. ज्यांना दृष्टि नाहीं त्यांच्यासाठीं कठड्यावर उठावाचा नकाशा बसवितां येतो. बोटें फिरवून नदी कोणीकडे, पूल कोठें, डोंगराची धार कशी, हें कळतें. आणि वारा, आवाज व फुलांचा वास हीं तर त्यांचींहि असतातच.

बाग उघडली कीं मंडळाचें काम संपलें असें होत नाहीं. खरें कष्टाचें काम तेथून पुढें. शहराशीं झालेल्या कराराप्रमाणें या बागेची देखभाल मित्रमंडळच करतें आणि त्याच्या वार्षिक खर्चाचा जवळजवळ सर्व पैसा स्वतः उभा करतें. पीट औडॉल्फ या डच उद्यानकारानें तेथें झाडाझुडपांच्या पांचशेंहून अधिक जाती लावल्या आहेत. वाळलेलें गवत व बोंडें हिंवाळाभर तशींच ठेवतात, कारण बर्फांत त्यांचीहि एक शोभा असते. मग वसंताच्या तोंडावर नागरिक स्वयंसेवक माळ्यांच्या हाताखालीं येऊन तीं सारीं हातांनीं कापून काढतात. दरसाल हा एक उत्सवच असतो. देखभाल नसेल तर फांदी वाटेवर येते, फरशी उचकटते, आणि ज्याच्यासाठीं हें सर्व केलें तो पहिल्यांदा अडतो. धडधाकट माणूस उचकटलेली फरशी ओलांडून जातो व तिच्याबद्दल तक्रारहि करीत नाहीं.

इतकें यश मिळाल्यावर अपुरें काय राहिलें? २०१९ सालीं सुमारे ऐंशी लक्ष लोक हाय लाइनवर आले. आसपासच्या जमिनींचे भाव चढले, उंच इमारती उठल्या, आणि करवाढीचा जो हिशेब मांडला होता तो मांडणाऱ्यांच्या कल्पनेपलीकडे खरा ठरला. पण त्या मार्गाच्या अगदीं लगत शहरानें कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीं बांधलेल्या दोन मोठ्या चाळवजा वसाहती आहेत. त्यांतील कुटुंबें वर फारशीं दिसत ना. संस्थापकांपैकीं रॉबर्ट हॅमंड यांनीं २०१७ सालीं एका मुलाखतींत हें उघडपणें कबूल केलें. बाग कशी दिसावी हें त्या लोकांना विचारण्यांत आलें होतें. परंतु तुम्हांला कशाची गरज आहे, आणि तुम्ही येथें कशासाठीं याल, हें विचारावयास हवें होतें, आणि तें विचारलें गेलें नाहीं, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. स्वतः उभारलेल्या, जगानें वाखाणलेल्या कामासंबंधीं इतक्या स्वच्छपणें बोलणारे संस्थापक विरळा. त्यानंतर संस्थेनें शेजारच्या मुलांना पगारी कामें देणें, त्या वसाहतींतील लोकांसाठीं कार्यक्रम करणें यांवर भर दिला, आणि इतर शहरांत अशाच बागा करूं पाहणाऱ्या मंडळ्यांना एकत्र आणून आपल्या चुका आधींच सांगण्याची व्यवस्था केली. लिफ्ट होती, उतार होता, मापें सारीं बरोबर होतीं; तरी एक पायरी राहून गेली होती, आणि ती काँक्रीटची नव्हती.

आपल्या देशांत २०११ च्या जनगणनेंत २ कोटि ६८ लक्ष माणसें अपंग म्हणून नोंदलीं गेलीं. गुडघे दुखणारे वृद्ध, पाय मोडून पट्टी बांधलेले, मुलाची ढकलगाडी घेऊन निघालेल्या माता यांची गणना त्या आंकड्यांत नाहीं. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ सालीं झाला व एप्रिल २०१७ मध्यें अमलांत आला. त्याच वर्षींच्या जून महिन्यांत त्याचे नियम निघाले, आणि सार्वजनिक इमारती सर्वांना वापरतां येतील अशा करण्यास त्यानें दिलेली पांच वर्षांची मुदत २०२२ सालीं संपलीहि. डोंगरावरील प्राचीन देवस्थानाच्या पायऱ्या एका दिवसांत उतार होणार नाहींत, आणि त्या व्हाव्यात असा कोणाचा आग्रहहि नसेल. परंतु प्रत्येक शहरांत टेकडीच्या कुशीला, तळ्याच्या कांठीं किंवा नदीच्या बांधावर एखादी नगरपालिकेची बाग असते, तींत एखादी जागा अशी असते कीं जेथून सूर्यास्त बरा दिसतो, आणि फाटकापासून त्या जागेपर्यंत चार पायऱ्या, एक खड्डा व पन्नास पावलें खडी असते. तेवढ्यासाठीं कोट्यवधि डॉलर लागत नाहींत.

शेजारच्या दहा-बारा घरांनीं एक मंडळ करून असें काम हातीं घ्यावयाचें ठरविलें, तर आरंभाला लागणारें सामान कोणत्याहि सुताराकडे मिळतें. चार फूट लांबीची एक सरळ फळी, एक पाणसळ आणि एक टेप. फळीचें एक टोंक चढावर टेकवावें, पाणसळ पाहून फळी आडवी सरळ धरावी, आणि उताराकडील टोंकाखालीं जमिनीपर्यंत किती अंतर आहे तें मोजावें. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच; त्याचा बारावा हिस्सा चार इंच. अंतर चार इंच किंवा त्याहून कमी भरलें तर ती वाट चालेल. सहा भरलें तर ती फिरवून लांब करावी लागेल. पन्नास पावलांची वाट या रीतीनें एका सकाळींत मोजून होते. मोजतांना मात्र कट्ट्यावर बसणाऱ्या आजीबाईंना आणि पेठेंत चाकांची खुर्ची वापरणारे कोणी असतील त्यांना बरोबर न्यावें, आणि बाक कोठें हवें, कठडा कोठें अडतो, संध्याकाळीं किती वाजतां यावेंसें वाटतें, हें काँक्रीट ओतण्यापूर्वीं त्यांनाच विचारावें.